पांडू हवालदार
दादा कोंडके (१९३२–९८) यांनी दिग्दर्शित केलेला मराठी विनोदी चित्रपट (१९७५). भोळसट पण कनवाळू पांडू (कोंडके) आणि लाचखाऊ सखाराम (अशोक सराफ) या दोन हवालदारांच्या स्वभावविरोधावर त्यातील विनोद आधारलेला आहे. वसंत सबनीस यांच्या विच्छा माझी पुरी करा (१९६५) या लोकनाट्यातही कोंडके यांनी हवालदारच रंगविला होता. तमाशातील सोंगाड्याचे द्व्यर्थी, हजरजबाबी बोलणे या चित्रपटात महानगरातील पोलिसाच्या तोंडी आले. चित्रपटानंतर ‘पांडू’ हे पोलिसाचे उपहासवाचक नाव म्हणून बोलीभाषेत रूढ झाले. लोकनाट्यातील हवालदार वरिष्ठांची फजिती करीत असे. या नावातील थट्टा मात्र रस्त्यावर उभ्या असलेल्या कनिष्ठ पोलिसाच्याच वाट्याला आली.