एक लिटर पाण्याचा फरक

गिरणाकाठच्या एखाद्या मळ्यातील विहिरीवर उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहणारी मुले पाहा. एखादा मुलगा पाण्यावर निवांत उताणा पडून राहतो. दुसरा, त्याच उंचीचा, श्वास सोडून हातपाय थांबवले की खाली जाऊ लागतो. दोघांना वजनकाट्यावर उभे केले तर काटा दोघांचेही वजन ५० किलोच दाखवतो. मग फरक आहे कोठे?

फरक आहे घनतेत. शरीरातील चरबीची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम, म्हणजे पाण्याहून कमी. स्नायू, हाडे, रक्त इत्यादी उरलेल्या शरीराची सरासरी घनता सुमारे १.१ ग्रॅम. आता थोडे गणित करू. ५० किलोच्या मुलात १० टक्के चरबी असेल तर ५ किलो चरबीला ५.५६ लिटर आणि उरलेल्या ४५ किलोंना ४०.९१ लिटर, मिळून सुमारे ४६.५ लिटर जागा लागते. चरबी २० टक्के असेल तर हीच बेरीज ४७.५ लिटर येते. चरबी दुप्पट झाली, पण आकारमान वाढले अवघे एक लिटर! डोळ्यांना ते सहसा कळत नाही; काट्याला तर मुळीच नाही.

आर्किमिडीजचा नियम शिकलेल्यांना हा एक लिटर पकडण्याची युक्ती सुचेलच : माणसाला पाण्यात बुडवून तोलायचे. अमेरिकी नौदलातील डॉक्टर आल्बर्ट बेंके यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील व्यावसायिक फुटबॉल खेळाडूंना असेच तोलले होते. नेहमीच्या कोष्टकांप्रमाणे त्यांतील बरेच जण ‘अतिवजनाचे’ ठरत. पाण्याने दाखवले, की ते वजन स्नायूंचे होते. या मोजणीत एक मेख मात्र आहे. पूर्ण श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत लिटरभराच्या आसपास हवा उरते, म्हणजे आपण जेवढा फरक शोधतो आहोत जवळजवळ तेवढीच! ती वेगळी मोजून वजा केली नाही तर सारेच उत्तर चुकते.

याची उलट बाजू आपल्या महाराष्ट्रात उजेडात आली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त! २००४ साली डॉ. याज्ञिकांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासह ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोघांचे छायाचित्र छापले. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो अंक येतो, तो दोघांचाही २२.३ होता. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! स्वतःच्याच शरीराचा असा पुरावा मांडणारे शास्त्रज्ञ विरळाच.

हा काही गमतीचा आकडा नव्हे. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. स्नायू थोडे आणि पोटाभोवती चरबी जास्त असेल तर इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो. मधुमेह आपल्याकडे तुलनेने तरुण वयात आणि कमी वजनातही गाठतो, त्याचे हे एक मोठे कारण. ‘आमचा मुलगा काडीसारखा आहे, त्याला काय होणार?’ हे वाक्य म्हणून मला पटत नाही.

स्नायू आणि हाडे भराभर वाढण्याचे वय म्हणजे तुमचेच. प्रौढ माणसाच्या हाडांतील खनिजांचा सुमारे चौथा हिस्सा या वयातील दोनेक वर्षांतच जमा होतो. त्यासाठी प्रथिने हवीत, आणि येथे आपल्या खानदेशी स्वयंपाकघराने जुनाच तोडगा काढून ठेवला आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी, उडदात तो भरपूर. दोन्ही एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी ही उणीव भरून काढते. भरताबरोबर ती किती चांगली लागते, हे जळगाव-धुळ्याच्या वाचकांना मी काय सांगावे! मात्र नुसत्या खाण्याने स्नायू बळकट होत नाहीत. दंड-बैठका, कबड्डी, मल्लखांब, निदान शाळेपर्यंत सायकल, असे काही तरी त्यांच्याकडून मागितले पाहिजे.

आता आपल्याच केळ्याचे पाहा. सोललेल्या १०० ग्रॅम केळ्यात सुमारे ९० उष्मांक असतात, कारण त्याचा तीनचतुर्थांश भाग पाणीच. तेच केळे वेफर्स होऊन आले, की पाणी जाते आणि जवळजवळ एकतृतीयांश वजन तेलाचे होते. ५० ग्रॅमच्या पुडीत सुमारे २६० उष्मांक, म्हणजे जवळपास तीन केळी. तेवढे खर्च करायला ४५ किलोच्या मुलाला मध्यम वेगाने तासभर सायकल चालवावी लागेल.

म्हणून उपाशी राहावे काय? मुळीच नाही. उपासमारीत शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खाते. काटा खाली येतो, आपण खूश होतो, आणि गेलेले असते नेमके हवे ते. मुलींनी तर विशेष लक्षात ठेवावे, की वयात येताना त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण वाढणे हे निसर्गाचेच काम आहे. मुलांशी तुलना करण्यात अर्थ नाही.

पाण्याचा हौद नसला तरी एक साधा प्रयोग घरी होतो. आपल्या उंचीएवढा दोरा कापा, तो बरोबर मध्ये दुमडा आणि श्वास सहज सोडून पोटाभोवती, बेंबीच्या जरा वर, गुंडाळा. टोके एकमेकांना पोचली तर ठीक. न पोचली तर खेळाचा तास बुडवू नका, आणि घरी आईवडिलांशी बोला. शिक्षकांना एक विनंती : हा प्रयोग वर्गात सर्वांसमोर करू नये. दोरा ज्याचा त्याने घरी न्यावा.