प्रारण-संरक्षण : एक उपेक्षित अभ्यासक्षेत्र

इ. स. २०१० च्या एप्रिल महिन्यात दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात काही माणसे आजारी पडली. त्वचेवर भाजल्यासारखे व्रण उमटले, केस गळू लागले, रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. चौकशीअंती आढळले ते असे : एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने दीर्घकाळ पडून राहिलेले गॅमा-किरणांचे एक उपकरण लिलावात काढले होते, भंगारवाल्यांनी त्याचे शिशाचे कवच फोडले आणि आतील कोबाल्ट-६० उघडे पडले. त्यात एकाचा मृत्यू झाला. हे उपकरण अणुभट्टीतले नव्हते, रुग्णालयातलेही नव्हते; ते अध्यापन-संशोधनासाठी आणलेले होते, ही गोष्ट विद्यापीठीय वाचकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे. अशा उपकरणाच्या खरेदीस ४० वर्षे झाली असे धरल्यास साडेसातांहून किंचित अधिक अर्धायुष्ये उलटतात आणि मूळ किरणोत्सारितेचा सुमारे १९० वा भाग शिल्लक राहतो. हे गणित कोणताही पदव्युत्तर विद्यार्थी दोन ओळींत करील. परंतु तेवढ्यावरून उपकरण ‘संपले’ असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे होय. या जातीच्या उपकरणांत आरंभी हजारो क्यूरींचा उद्गम असतो, आणि एक क्यूरी म्हणजे दर सेकंदास ३७ अब्ज विघटने. तेव्हा उरलेला अल्पांशही कवचाबाहेर प्राणघातक ठरतो. अपूर्णांक किती लहान आहे यापेक्षा तो कशाचा अपूर्णांक आहे, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो.

प्रारण-संरक्षणाची मूळ त्रिसूत्री काळ, अंतर आणि कवच अशी सांगतात. ती ऐकावयास इतकी सोपी की, तिच्यात शिकण्यासारखे काही उरले आहे असे सहसा कोणास वाटत नाही. अंतराचाच विचार करावा. लहान उद्गमाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते; म्हणून जो उद्गम १ सेंटीमीटरवर बोटांत धरला जातो, तोच ३० सेंटीमीटर लांबीच्या चिमट्याने धरल्यास हाताला मिळणारी मात्रा सुमारे ९०० पटींनी कमी होते. साधा चिमटा जे काम करतो, ते गॅमा-किरणांच्या बाबतीत शिशाच्या जाड विटेनेच साधते.

कवचाचा विषय याहून गुंतागुंतीचा आहे. जड धातू नेहमीच उत्तम, हा समज प्रयोगशाळांतून सर्रास आढळतो. जीवरसायनाच्या कामात वापरले जाणारे फॉस्फरस-३२ सुमारे १.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत ऊर्जेचे बीटा-कण सोडते. हे कण शिशावर आदळून एकाएकी मंदावले की, त्यांच्या ऊर्जेचा काही भाग क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणजे संरक्षणासाठी ठेवलेले शिसेच नव्या प्रारणाचे कारण बनते. म्हणून उद्गमाच्या बाजूस प्रथम अ‍ॅक्रिलिकसारखा हलक्या अणूंचा पडदा ठेवावयाचा आणि गरज पडल्यास त्यापलीकडे शिसे. न्यूट्रॉनांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांना मंदावण्यास हायड्रोजन लागतो, आणि तेथे मेण किंवा पाणी शिशापेक्षा अधिक उपयोगी पडते.

मापनाच्या अंगाने पाहिले तर घन-अवस्था भौतिकी आणि रसायनशास्त्र यांच्या अभ्यासकांना येथे मोठा वाव आहे. भारतातील प्रारण-कामगारांच्या छातीवरील बिल्ल्यात डिस्प्रोसियमयुक्त कॅल्शियम सल्फेटाच्या चकत्या वापरल्या गेल्या. स्फटिकातील दोषस्थानी अडकलेले इलेक्ट्रॉन तापविल्यावर सुटतात आणि प्रकाश देतात. त्या प्रकाशावरून मिळालेली मात्रा कळते. नवा प्रस्फुरक पदार्थ तयार करून त्याची तापदीप्ती तपासणे हे काम फार खर्चिक साधनांवाचूनही करता येते, आणि नागपूरसारख्या ठिकाणी ते झालेही आहे.

जीवशास्त्राच्या बाजूस तर मूलभूत प्रश्नच अनिर्णित आहेत. निसर्गातून मनुष्यास वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. प्रारण-कामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि सामान्य जनतेसाठी, निसर्ग व वैद्यकीय उपचार वगळून, १ मिलिसीव्हर्ट अशी मर्यादा मानतात. या मर्यादांमागे, मात्रा कितीही अल्प असली तरी धोका तिच्या प्रमाणातच असतो, असे गृहीत आहे. त्याचा मुख्य आधार हिरोशिमा व नागासाकी येथील वाचलेल्यांची पाहणी. पण त्यांना ती मात्रा क्षणार्धात मिळाली होती. उलट केरळच्या करुनागपल्ली किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूतील थोरियममुळे माणसे पिढ्यान्‌पिढ्या वाढीव प्रारणात राहतात, आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील पाहणीत मात्रेबरोबर कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. यावरून गृहीत खोटे ठरत नाही. अल्प परिणाम हुडकण्यास फार मोठी लोकसंख्या लागते. सावकाश मिळणाऱ्या मात्रेस पेशी कशी तोंड देते, हे मात्र प्रयोगशाळेत शोधता येण्याजोगे आहे.

या क्षेत्राकडे वळू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील प्रारण-भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम हा जुना व मान्य मार्ग आहे. कर्करोग रुग्णालये, औद्योगिक क्ष-किरण तपासणी, कांद्यास मोड येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-६० वापरणारे लासलगावचे केंद्र, अशा सर्व ठिकाणी प्रशिक्षित संरक्षण-अधिकारी लागतो. विभागातील अभ्यासकांस तूर्त घरच्या घरी करता येण्याजोगे एक काम आहे : कपाटांत आणि तळघरांत असलेल्या प्रत्येक किरणोत्सारी उद्गमाची, त्याच्या खरेदीच्या सालासह आणि आजच्या गणिती तीव्रतेसह, यादी करणे.