अजान होते तेव्हा चुलीपाशी कोण असतं?

मागच्या रमजानमधली गोष्ट. मगरिबची अजान झाली, आम्ही सगळ्यांनी खजूर तोंडात घातला आणि भज्यांच्या ताटाची वाट पाहू लागलो. भाभी मात्र झारा हातात धरून कढईपाशीच होत्या. त्यांनी रोजा उभ्यानेच, पाण्याच्या एका घोटावर सोडला. असर ते मगरिब हा दुआचा वेळ. आमच्या घरातल्या बायकांचा तो वर्षानुवर्षं तेलाच्या कढईपाशी जात होता आणि शाळेत समतेचे धडे शिकवणाऱ्या आमच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

तेव्हापासून दस्तरखानावर मधोमध कडधान्यांची थंड कोशिंबीर असते. तिचं मुख्य काम सकाळीच उरकतं.

सहा माणसांसाठी एक वाटी काबुली चणे, अर्धी वाटी राजमा, अर्धी वाटी चवळी. तरावीहनंतर तिन्ही वेगवेगळी भिजत घालावीत. राजम्याच्या बाबतीत हयगय नको. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं द्रव्य असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबाला पुरतात. भिजवलेलं पाणी फेकून द्यावं, ताज्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळावं, मगच कुकर लावावा. नुसत्या मंद आचेवर ठेवून भागत नाही. चवळी वेगळीच शिजवावी, नाहीतर तिचा लगदा होतो.

पाणी निथळून, दाणे गरम असतानाच लिंबाचा रस, दोन चमचे तेल, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड आणि मीठ घालावं. गरम दाण्यांत चव मुरते. रोज्यात चाखून पाहणं टाळायचं, म्हणून मीठ मोजून आणि जरा कमीच. गार होताच झाकून फ्रीजमध्ये. फ्रीज नसेल तर कडधान्यं असरच्या सुमारास शिजवून पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवावं. काकडी, टोमॅटो, कोथिंबीर अगदी शेवटी, कारण मीठ लागलं की काकडीला पाणी सुटतं. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चकडे सरकलाय, म्हणजे आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षांचा हंगाम. मूठभर आंबटगोड द्राक्षं अर्धी चिरून घातली की मुलं न बोलावता येतात.

राहिला कांदा. सायखेड्यात राहून कोशिंबिरीत कांदा नाही म्हणजे गावाशी बेइमानीच! पण कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, अशी प्रेषितांची (स.) ताकीद हदीसमध्ये आहे, आणि इफ्तारनंतर लगेच मगरिब, मग तरावीह. हजरत उमर (रजि.) यांनी म्हटलंय की खायचाच असेल तर शिजवून त्याचा वास मारावा. आम्ही पातळ काप उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं ठेवतो, निथळून सिरक्यात टाकतो. वास बराच उतरतो, करकरीतपणा थोडा राहतो. तरीही शंका वाटली तर कांद्याची वाटी वेगळी ठेवावी. तरावीहनंतर खाणारे खातील. बाजारातला लाल कांदा जास्त उग्र, त्याला पाण्यात जरा अधिक वेळ लागतो.

पहिल्या दिवशी भाभी अजानच्या दहा मिनिटं आधी येऊन बसल्या. काय करावं ते त्यांना सुचेना. खजुरांची बशी त्यांनी दोनदा इकडून तिकडे सरकवली, मग ओढणी सारखी करून हात उचलले. भजी हवीतच असं म्हणणारे आमच्याकडे अजून आहेत. ती आता त्यांनीच तळायची, मगरिबनंतर.