आत्तींची घागर आणि ओढून घ्यायचा नळ

लग्न होऊन मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आले ते 1989 साली. पाण्याचा खजिना घरापासून चालत पाच मिनिटांवर. कळंबा तलावाचं पाणी संस्थानकाळात तिथूनच गावात खेळवलं जायचं. आमच्या स्वयंपाकघरात मात्र एकच पितळी चावी, म्हणजे नळ, तीही मोरीत, गुडघ्याइतक्या उंचीवर. तिचा वायसर सतत झिजायचा. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, जुन्या चपलेच्या रबराचा गोल कापून तो बदलायच्या. रविवारी मटण झालं की तांबड्या रश्श्याचं दहा लिटरचं पातेलं उकिडवं बसून, एका हातानं तिरकं धरून घासायचं. आत्तींचा उजवा खांदा त्या पातेल्यांनीच गेला, असं मला आजही वाटतं.

1998 मध्ये वरचा मजला चढवला आणि स्वयंपाकघर वर नेलं. ओटा आला, सिंक आलं, उंच मानेचा फिरणारा नळ आला. उकिडवं बसणं सुटलं, पातेलं उचलणं काही सुटलं नाही.

मग 2019 चा ऑगस्ट. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. पेठेत आमच्याकडं पूर आला नाही, पण बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रं बुडाली आणि शहराचे नळ कोरडे पडले. बाहेर धो धो पाऊस आणि आम्ही टँकरपाशी घागरी घेऊन रांगेत. पाणी आलं तेव्हा नळाच्या तोंडाची जाळी उघडून पाहिली, तर त्यात मेंदीसारखा गाळ बसलेला.

ओढून घ्यायचा फवारा नळ घ्यायचं ठरवलं ते आत्तींच्या खांद्यासाठी, 2022 मध्ये. लक्ष्मीपुरीत एका दुकानात दिसायला सुंदर असा एक निवडला. बसवला आणि जीव हिरमुसला. साधी धार कशीबशी पडायची, फवाऱ्याचं बटण दाबलं की नुसतं ठिबकायचं. खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं होतं, दाब किमान अर्धा बार हवा. आम्ही तो कागद नळ बसवल्यावर वाचला. प्लंबरदादा गच्चीवर जाऊन आले आणि म्हणाले, “वहिनी, नळाला नावं ठिवू नका. टाकी वर घ्या.”

हिशेब सरळ आहे. साधारण 33 फूट उंचीवरून येणाऱ्या पाण्याला 1 बार दाब असतो. आमच्या टाकीचा तळ नळापासून जेमतेम 8 फुटांवर, म्हणजे पाव बार. खालच्या मजल्यावर हाच नळ व्यवस्थित चालला असता. पंप बसवला तर वीज गेली की पुन्हा तेच. म्हणून 9 फुटांचं लोखंडी स्टँड करून घेतलं. घरचे खर्चाला कुरकुरले, पण मी हटले नाही. असा नळ घेणाऱ्यानं आधी गच्चीवर जावं आणि मग दुकानात, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

टाकी स्टँडवर चढवल्यावर नळ दुसऱ्यांदा जोडताना दादांनी आधी अँगल कॉक उघडून बादलीभर पाणी सोडलं; पहिल्या तांब्यात तांबूस गाळ. टेफ्लॉन टेप फक्त अँगल कॉकच्या आट्यांना; नळीच्या टोकाला रबरी वायसर असतो, तिथं टेप लावायची नाही, हातानं आवळून पान्यानं जरासं फिरवायचं. सिंकखाली नळीला वजन अडकवतात, त्याच्या ओढीनं फवारा जागेवर परत जातो. आमचं वजन कचऱ्याच्या डब्याला अडायचं आणि नळी बाहेर लोंबत राहायची. डबा हलवला, काम झालं. बटण दाबलं तशी फवाऱ्याची धार पातेल्याच्या तळाला खडखडून लागली. आत्ती दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढं येऊन फवारा हातात घेतला आणि पातेलं जागचं न हलवता चारी बाजूंनी धुतलं.

2023 च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या तोंडावर, काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं शहराच्या पुईखडी जलशुद्धीकरण केंद्रात पोचलं. आत्तींचा त्या पाण्यावर अजून पुरता भरवसा नाही. रोज रात्री त्या तांब्याची घागर ओट्यालगतच्या स्टुलावर ठेवतात, नळी ओढून तिच्या तोंडाशी धरतात आणि काठोकाठ भरून वर ताटली झाकतात.