गाडीची कुरकूर : पुढून येणारा ‘टक’

नागपुरातल्या प्रताप नगरच्या आतल्या गल्ल्यांत गाडीचा आवाज शोधायला लांब जावं लागत नाही. सिमेंटचा रस्ता वर, कडेचे गट्टू खाली, आणि मध्येच कुणीतरी हौसेने घातलेला गतिरोधक. मागच्या आठवड्यात टायरची झीज पाहिली. आता चाकामागे डोकावू.

गॅरेजमध्ये आपण एवढंच सांगतो, “भाऊ, समोरून आवाज येऊन राहिला.” मग अंदाजाने लिंक रॉड बदलला जातो, पुढच्या खेपेला लोअर आर्म, आणि दोन बिलं भरूनही आवाज तिथेच. आवाज कसा आहे याची नक्कल करत बसू नका. तो नेमका कधी येतो ते सांगा.

सरळ जाताना काहीच नाही, पण स्टीअरिंग पूर्ण वळवून रेस दिली की कट-कट-कट? मग एक्सलचा बाहेरचा जॉइंट पाहा. त्यात छर्रे असतात, आणि त्यांचं ग्रीस रबरी बूट सांभाळतो. बूट फाटला की ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला काळा थर बसतो, पावसाळ्यात चिखल आत शिरतो. थर दिसला आणि आवाज अजून नसेल, तर नुसत्या बूटवर भागण्याची आशा असते.

गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं आणि ‘टण्ण’ झालं, तर शॉकअपच्या डोक्यावरचं माउंट किंवा त्याचं बेअरिंग. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर, आणि चाक वळलं की खांबही वळतो. म्हणून तिथला आवाज थेट डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटतो.

घुंऽऽ असा आवाज वेगाबरोबर वाढत असेल तर संशय चाकाच्या बेअरिंगवर. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो. तेव्हा घुमणं वाढलं तर बहुधा डावं बेअरिंग गेलेलं असतं. मात्र सिमेंट रस्त्यावर टायरच इतके गुणगुणतात की चांगलं बेअरिंगही खराब वाटावं. डांबरी पट्टा गाठा आणि मग ठरवा.

आता तो टक. बारीक खड्ड्यांवर टक-टक होत असताना ब्रेकवर पाय हलकेच टेकवून बघा. आवाज थांबला तर पॅड किंवा कॅलिपर खुळखुळतोय, सस्पेंशनला हात लावायची गरज नाही. थांबला नाही, तर लिंक रॉड, आर्मचे बुश, बॉल जॉइंट. इथे गॅरेजमध्ये हमखास घोळ होतो. एकाच बाजूचं चाक जॅकवर उचललं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो, लिंक ताणली जाते आणि तिची ढिलाई लपते. लिंक तपासायची तर दोन्ही चाकं जमिनीवर हवीत. हाताने हलवली की कळतं. बॉल जॉइंट पाहायला मात्र चाक उचलावं लागतं. गाडी स्टँडवर घेऊन चाक वरून-खालून धरून हलवायचं. आडवं धरून हललं तर आधी टाय रॉड एंड बघायचा. या दोन्हींत ढिलाई असेल तर गाडी तिथेच ठेवा. बुश आठवडाभर चालून जाईल. बॉल जॉइंट सुटला की चाक आडवं होतं.

नागपूरचा ४५ अंशांचा उन्हाळा रबराला मानवत नाही, त्यामुळे बुश इथे आधी तडकतात. नवे टाकाल तेव्हा मेकॅनिकजवळ उभे राहा. आर्मचे बोल्ट चाक लटकत असताना कसले, तर गाडी खाली उतरताच बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकरच फाटतो. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच करायचं. घाईच्या दिवशी हे कुणी करत नाही, म्हणून आपण सांगायचं.

पुढच्या आठवड्यात : गाडी एका बाजूला का ओढते, आणि अलाइनमेंटच्या कागदावरचे आकडे कसे वाचायचे.