फुगलेली बॅटरी



मे महिन्यातील दुपार होती. आमच्या कारंजा (घाडगे) येथे त्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. शेजारचा एक विद्यार्थी आपला लॅपटॉप घेऊन आला. म्हणाला, "सर, टेबलावर ठेवला की हा डुगडुगतो. बोटाने बाण फिरवायची पट्टीही दाबली जात नाही."

मी झाकण मिटून पाहिले. एका बाजूला फट राहिली होती. सांगाडा वाकला असेल, असे समजून मी त्यावर जाडजूड शब्दकोश ठेवला आणि म्हणालो, "रात्रभर वजन राहू दे, बसेल जागेवर." त्यावर मुलाने विचारले, "सर, आत हवा भरली असेल तर सुईने टोचून काढू का?"

मी दचकलो आणि शब्दकोश ताबडतोब उचलला. सांगाडा बाहेरून वाकलेला नव्हता. त्याला आतून कोणीतरी ढकलत होते. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या हातून झालेली ही चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हा लेख.

आत काय असते?

लॅपटॉप आणि मोबाइलमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती १९९१ मध्ये बाजारात आली. तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या बॅटरीच्या प्रत्येक घटात एक धन पट्टी व एक ऋण पट्टी असते. त्यांच्यामध्ये केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. हे सर्व एका सेंद्रिय द्रवात भिजलेले असते. हा द्रव पेट घेणारा असतो. पूर्वी हे घट पोलादी नळकांड्यात बंद करीत. आजच्या सडपातळ लॅपटॉपमध्ये ते ॲल्युमिनियमच्या पातळ पिशवीत असतात. नळकांडे फुगत नाही, पिशवी फुगते.

वायू येतो कोठून?

पूर्ण भरलेल्या घटाचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो. या दाबाला तो द्रव हळूहळू विघटित होतो. ऋण पट्टीवर एक संरक्षक थर असतो, तो हे विघटन रोखून धरतो. पण उष्णतेने हा थर मोडतो, पुन्हा तयार होतो, आणि दर वेळी थोडा वायू सुटतो. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, एथिलीन, हायड्रोजन असे हे वायू असतात. यांतील काही ज्वलनशील आहेत, हे ध्यानात घ्या.

आता एक गणित करू. पिशवी १० सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे क्षेत्रफळ ०.००६ चौरस मीटर. आतला दाब बाहेरच्यापेक्षा केवळ १०,००० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या एक दशांश इतका जास्त आहे असे समजा. बल = दाब × क्षेत्रफळ, म्हणजे ६० न्यूटन. सहा किलो वजनाइतके! मग पट्टी वर उचलली गेली तर नवल काय?

करून पाहा : टेबलावर प्लॅस्टिकची रिकामी पिशवी ठेवा, तिच्यावर चार-पाच पुस्तके रचा आणि पिशवीच्या तोंडातून फुंका. पुस्तके सहज उचलली जातील.

ओळखावे कसे?

लॅपटॉप सपाट फरशीवर डुगडुगतो. झाकण नीट मिटत नाही. कळफलक मध्येच उंच होतो. कडेची शिवण उकलते. कधी गोडसर, रंगासारखा वास येतो. मात्र पडद्यावरचा बॅटरीचा आकडा पाहून निश्चिंत राहू नका; फुगलेली बॅटरीही कित्येकदा नेहमीसारखी चालते.

सुई का नको?

५० वॅट-तासांच्या बॅटरीत १,८०,००० ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेने ३० अंशांवरचे १ लिटर पाणी सुमारे ७३ अंशांपर्यंत तापेल. सुई तो पातळ पडदा भेदते, दोन्ही पट्ट्या जोडल्या जातात आणि ही ऊर्जा एका लहान जागी क्षणात बाहेर पडते. शेजारचे घटही तापतात आणि साखळी सुरू होते. द्रव पेटतो तो वेगळाच. दाबल्याने किंवा वाकवल्यानेही हेच घडू शकते. माझा शब्दकोश म्हणजे एक बोथट सुईच होती!

करायचे काय?

१. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. पुन्हा चार्जिंगला लावू नका.

२. दाबू, टोचू किंवा उघडू नका. फ्रिजमध्ये ठेवू नका. खटका सरकवून अलगद निघणारी बॅटरी असेल तरच काढा. अडली तर जोर लावू नका.

३. फरशीवर, सावलीत, कागद-कपड्यांपासून दूर ठेवा.

४. दुरुस्ती केंद्राला आधी फोन करा. कुरिअरने किंवा पार्सलने पाठवू नका.

५. काढलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळी ठेवून संकलन केंद्रात द्यायची असते.

धूर किंवा फुसफुस आवाज आला तर वस्तू सोडून बाहेर पडा, मोठ्यांना सांगा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. तो धूर विषारी असतो. आग विझवणे हे तुमचे काम नव्हे.

आधीच जपा

वीज कधीही जाते म्हणून आपल्याकडे लॅपटॉप दिवसरात्र चार्जरला लावून ठेवतात. टिनाच्या छताखाली, गादीवर आणि सदैव शंभर टक्के भरलेला : बॅटरीला याहून वाईट दिवस नाहीत. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती वापरा. खालचे झरोके मोकळे ठेवा.

त्या मुलाचा लॅपटॉप आम्ही बंद करून व्हरांड्यातील फरशीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी त्याचे वडील तो दुरुस्तीला घेऊन गेले. बॅटरी बदलली. वर्षभराची टिपणे जशीच्या तशी होती, कारण ती बॅटरीत नसतातच.

आता एक काम करा. घरातला आणि शाळेच्या संगणक कक्षातला प्रत्येक लॅपटॉप सपाट फरशीवर ठेवून पाहा. डुगडुगला, तर आज संध्याकाळपर्यंत थांबू नका.