थंडीत डिझेल गाडी पिकअप घेत नाही? आधी धुराचा रंग बघा

पहाटे भाजी भरून मार्केटला निघायचं आणि चढावर गाडी ओढतच नाही. अशा वेळी लगेच इंजिन खोलायला देऊ नका. आधी सायलेन्सरचा धूर बघा.

पांढरा धूर, इंजिन थरथरतंय : डिझेल पूर्ण जळत नाही. हीटर प्लग तपासून घ्या. चावी फिरवल्यावर मीटरमधला वेटोळ्याचा दिवा विझू द्या, मगच स्टार्टर मारा.

काळा धूर : हवा कमी पडतेय. एअर फिल्टर तुंबला किंवा टर्बोचा पाइप फाटला असेल.

धूर नाही, तरी ओढ नाही : डिझेल फिल्टर बघा, त्यातलं पाणी काढा.

इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतोय आणि कूलंट घटतंय? मग गाडी पुढे दामटू नका. हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. तसंच चालवलं तर खर्च इंजिनपर्यंत जातो.